पाणमांजराची साक्ष

पाणमांजर, म्हणजेच ऊद, हा नदीकाठचा मोठा लाजरा प्राणी. त्याचा माग पूर्वी पाउलखुणांवरून आणि विष्ठेवरून काढीत. १९७७ ते १९७९ या काळात इंग्लंडभर नदीकाठांची अशी पाहणी झाली, तेव्हा शंभरांपैकी जेमतेम सहा ठिकाणी खूण सापडली. शेतीतील कीटकनाशकांनी त्याचा बहुतेक घात केला होता. पण खुणेवरून प्राणी येऊन गेला एवढेच कळते. तो कधी आला, काय करीत होता, हे कळत नाही.

ते काम कॅमेऱ्याने उचलले. अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांची रात्रीची वन्यप्राणिचित्रे १९०६ साली प्रसिद्ध झाली. पुढे आपल्याकडे चॅम्पियन यांनी वाटेवर तार ताणून वाघाकडूनच त्याचे छायाचित्र काढवून घेतले. आजचा कॅमेरा अंगाच्या उष्णतेने जागा होतो व चित्रावर वेळही नोंदवितो.

मात्र येथेच एक मेख आहे. पाणमांजराची दाट लव उष्णता बाहेर पडू देत नाही. ते पाण्यातून नुकतेच निघाले, की त्याचे ओले अंग बाहेरून भोवतालाइतकेच थंड असते. कॅमेरा झोपलेलाच राहतो!

२०१६ साली मध्य प्रदेशातील सातपुड्याच्या जंगलातून युरेशियन पाणमांजराची छायाचित्रे पुढे आली, आणि मध्य भारतात ते नांदत असल्याचे सिद्ध झाले. चित्र मिळाले तर प्राणी आहे हे ठरते. न मिळाले म्हणून तो नाही, असे ठरत नाही. तेव्हा मुक्या कॅमेऱ्याच्या भरवशावर कोणतीही नदी निर्जीव ठरवून तिच्यातील वाळू उपसण्याची घाई आपण करू नये.