मेणाच्या नळकांड्यापासून गच्चीवरच्या माइकपर्यंत

हेडफोन लावलेत ना? आज गोष्ट पक्ष्यांचे आवाज पकडणाऱ्या माणसांची.

पावसाच्या तोंडावर पावशा ओरडायला लागला की आपल्या शेतकऱ्याला ऐकू येतं, ‘पेरते व्हा, पेरते व्हा!’ यंत्र नव्हतं तेव्हा आवाज जपायची हीच रीत होती. त्याला शब्द द्यायचे आणि पुढच्या पिढीला सांगायचे.

मग आलं १८८९ साल. जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या लहान मुलाने एडिसनच्या फोनोग्राफवर घरच्या पाळीव शामाचा आवाज मेणाच्या नळकांड्यावर नोंदवला. पक्ष्याचं हे सगळ्यात जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण. आणि शामा कोण? आपल्या सह्याद्रीतही गाणारा पक्षी!

पण तो पिंजऱ्यातला होता. मोकळ्या पक्ष्याला कसं पकडायचं? अमेरिकेत १९२९मध्ये बोलपट नुकतेच आले होते. कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर ॲलन आणि पीटर पॉल केलॉग यांनी तेच सिनेमाचं तंत्र वापरून इथाका गावात जंगली पक्ष्यांचे आवाज फिल्मवर उतरवले. तीनेक वर्षांत मोठ्या कढईसारखी तबकडी आली. लांबचा आवाज गोळा करून ती मधल्या माइकवर टाकायची.

१९३५मध्ये हीच मंडळी लुइझियानाच्या दलदलीत गेली. गाडी चिखलात चालेना, म्हणून सगळी यंत्रं खेचरांच्या गाडीवर लादली. शोध होता हस्तिदंती चोचीच्या सुताराचा. आवाज मिळाला. पुढे ते जंगल तुटलं आणि १९४४नंतर त्या पक्ष्याचं सर्वमान्य असं एकही दर्शन नाही. नंतरच्या शोधमोहिमांत झाडांना स्वयंचलित रेकॉर्डर बांधले, तेव्हा ताडून बघायला हाच १९३५चा आवाज हाताशी होता.

आता आपल्याकडचा रानपिंगळा बघा. १८८४नंतर त्याची पक्की नोंद नाही. म्हणजे कॉखच्या शामाच्या पाच वर्षं आधीच तो दिसेनासा झाला! १९९७मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो पुन्हा सापडला. शोधताना ओळखीचा आवाज म्हणून वाजवायला त्यांच्याकडे एकही जुनी नोंद नव्हती. नुसत्या डोळ्यांवर भिस्त!

म्हणून मला वाटतं, गच्चीवरचा माइक हे खेळणं नाही.

आजचं बर्डनेट कॉर्नेल आणि जर्मनीतल्या केम्निट्झच्या संशोधकांनी बनवलंय. ते तीन-तीन सेकंदांचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याचं चित्र काढतं आणि हजारो पक्ष्यांच्या चित्रांशी जुळवून नाव सुचवतं. ती चित्रं आली कुठून? कुणीतरी पहाटे उठून, डास चावून घेत आवाज नोंदवला आणि त्यावर नाव लिहिलं, तिथून. यंत्राचा कान म्हणजे या माणसांचे कान.

तुम्हाला लावायचा असेल तर चार गोष्टी. माइक भिंतीला चिकटवू नका, आवाज आपटून परत येतो. एसीचं बाहेरचं युनिट आणि पाण्याचा पंप यांपासून लांब ठेवा. वाऱ्यासाठी फोमची टोपी घाला आणि पाऊस थेट पडणार नाही अशी वळचण शोधा. रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर घरात कोरडा राहू दे. ॲपमध्ये आपलं ठिकाण नीट भरा, नाहीतर बोरिवलीत युरोपातले पक्षी दिसायला लागतील! आणि हो, माइक शेजाऱ्यांचं बोलणंही ऐकतो. तोंड झाडांकडे ठेवा, माणसांचे तुकडे पुसून टाका.

यंत्राने दिलेलं नाव लगेच खरं मानू नका. कोतवाल शिकऱ्याची इतकी हुबेहूब नक्कल करतो की माणूसही फसतो. तुकडा स्वतः ऐका.

आणि नुसती नावांची यादी ठेवू नका, मूळ आवाजही तारीख-ठिकाणासकट जपा. चुकलेलं नाव पन्नास वर्षांनीही कुणी दुरुस्त करेल. नोंदवलाच नाही तो आवाज कुठून आणणार?

तुमच्या माइकने काय पकडलं, मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!