सुरतेत असा मोहल्ला का झाला नाही?



आपल्या या पानावर गोपीपुऱ्याच्या, नानपुऱ्याच्या, लिंबायत-उधन्याच्या आठवणी भरपूर येऊन गेल्या. कोणाचे आजोबा ताप्ती लाईनच्या गाडीने खानदेशातून कसे आले, कोणाच्या आईने पहिली खोली किती भाड्याने घेतली, सगळं वाचतो आणि मजा येते. आज मी जरा वेगळ्या वस्तीबद्दल लिहिणार आहे. ही वस्ती सुरतेत नाही. ती का नाही आणि तिच्याऐवजी इथे काय होतं, हाच आजचा विषय.

जगातल्या पुष्कळ मोठ्या शहरांत समलिंगी लोकांचा म्हणून ओळखला जाणारा एखादा भाग असतो. विषय वाचून काहींच्या भुवया वर जातील. जाऊ देत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढी मोकळीक असावी. शिवाय मी बँकेतला माणूस. चाळीस वर्षं लोकांची खाती पाहिली. माणूस घरी जे बोलत नाही ते पुष्कळदा त्याच्या कागदांवरून कळतं.

या वस्त्यांत सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा कॅस्ट्रो भाग. मुलाकडे गेलो होतो तेव्हा एक दुपार तिथे पायी फिरलो. पूर्वी हा भाग युरेका व्हॅली म्हणून ओळखला जाई. वस्ती आयरिश कॅथलिक कामगार कुटुंबांची, म्हणजे आपल्या गिरगावासारखीच म्हणा ना: देवळं-सणवार, मुलंबाळं आणि सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष. दुसऱ्या महायुद्धात समलिंगी असल्याच्या कारणावरून सैन्यातून काढलेले पुष्कळ तरुण सॅन फ्रान्सिस्को बंदरावर उतरले. गावी कुठल्या तोंडाने जायचं? ते तिथेच राहिले. पुढे साठच्या दशकात कॅस्ट्रोतली कुटुंबं उपनगरांत निघाली, जुनी लाकडी घरं स्वस्त झाली आणि या मंडळींनी ती घेतली.

हार्वे मिल्क हे नाव काहींनी ऐकलं असेल. हा गृहस्थ आधी न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या धंद्यात होता. १९७३ मध्ये त्याने कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान काढलं. जुन्या व्यापारी संघाला हे नवे दुकानदार नकोसे होते, तेव्हा यांनी आपला वेगळा संघ चालवला आणि रस्त्यावर जत्रा भरवली. ट्रकचालकांच्या युनियनने एका बिअर कंपनीवर बहिष्कार घातला तेव्हा मिल्कने कॅस्ट्रोतल्या बारवाल्यांना त्यात सामील करून घेतलं. त्या बदल्यात मागणी एकच: आमच्या लोकांनाही ड्रायव्हरची नोकरी द्या. वाणिज्य शाखेच्या माणसाला हा व्यवहार लगेच कळतो. १९७७ मध्ये मिल्क नगर मंडळावर निवडून आला. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी एका माजी सहकारी सदस्याने त्याला आणि महापौर मॉस्कोन यांना गोळ्या घालून मारलं.

तिथल्या कोपऱ्यावर ट्विन पीक्स नावाचा एक बार आहे. १९७२ मध्ये त्याच्या मालकिणींनी दर्शनी बाजूला मोठ्या काचा बसवल्या. त्याआधी अशा बारच्या खिडक्या रंगवून किंवा झाकून ठेवत, कारण आतला माणूस बाहेरून ओळखू आला तर नोकरी जायची. मला सगळ्या कॅस्ट्रोत त्या काचा जास्त महत्त्वाच्या वाटल्या. आत दोन म्हातारे, माझ्याच वयाचे, चहा घ्यावा तशी बिअर घेत बसले होते.

म्हणजे अशी वस्ती तयार व्हायला तीन गोष्टी लागतात. एकट्या माणसाला स्वतःच्या पगारावर जगता आलं पाहिजे, त्याला स्वतःचं दार असलेली खोली मिळाली पाहिजे, आणि शेजाऱ्याने ‘तुम्ही कोण, कुठले, कोणाचे’ हे विचारता कामा नये.

आता हा हिशेब सुरतेला लावून बघा.

पगार सुरतेत आहे. हिऱ्याच्या घंटीवर आणि मागावर लाखो तरुण एकटे कमावतात. पण दार कुठे आहे? पांडेसरा-उधन्याकडे ओडिशाहून आलेले कामगार बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतात. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा होतो. वराछ्यात सौराष्ट्रातलं अख्खं गाव एका सोसायटीत राहायला आलेलं, त्यामुळे इथे केलेली गोष्ट रात्रीच्या आत अमरेली-भावनगरला पोचते. आणि आपण मराठी तरी वेगळे कुठे? लिंबायतेतल्या मुलाने काय केलं ते चोपडा-अमळनेरला आधी कळतं, लिंबायतेत नंतर. चौथा प्रश्न लग्नाचा. तिशीच्या आत उत्तर नसेल तर अख्खी भावकी कामाला लागते.

म्हणून सुरतेत मोहल्ला झाला नाही. माणसं मात्र होती, आणि नेहमीच होती.

यातली एक वस्ती तर डोळ्यांसमोर होती, आपण तिला या हिशेबात धरलंच नाही. गुजरातेत तृतीयपंथीयांना ‘पवैया’ म्हणतात, आणि तोंडावर आदराने ‘मासीबा’. दिवाळीनंतर रिंग रोडच्या कापड मार्केटात मासीबा आल्या की शेठजी गल्ल्यातून नोट काढून पाया पडतो. त्यांची देवी बहुचराजी, कोंबड्यावर बसलेली, मेहसाणा जिल्ह्यातली. आणि तिथे मराठी माणसाचा संबंध आहे बरं का! तिचं आजचं मोठं देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं ते बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या मानाजीरावांनी. दुखणं बरं झालं म्हणून नवस फेडला असं सांगतात.

महाराष्ट्रात तर याहून मोठी गोष्ट होती. मराठेशाहीत पुणे प्रांतातल्या काही गावांत हिजड्यांना इनाम जमिनी होत्या, रयतेकडून धान्य-पैसा मागण्याचा वंशपरंपरेने, म्हणजे गुरूकडून चेल्याकडे जाणारा, हक्क होता. त्याच्या सनदा होत्या. देशमुख-जोश्यांच्या वतनाची नोंद जशी दप्तरात, तशीच यांच्या हक्काची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रज सरकारने चौकशी करून हे मागण्याचे हक्क पुढच्या पिढीला मिळणार नाहीत असं ठरवलं. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. उत्तरेकडच्या प्रांतांत त्याखाली हिजड्यांची आणि त्यांच्या मालमत्तेची नोंदवही पोलिसांनी ठेवली. नाव नोंदलेल्या माणसाला मृत्युपत्र करायला बंदी, बक्षीसपत्र करायला बंदी, दत्तक घ्यायला बंदी. माणसाला समाजाबाहेर काढायला तुरुंगच लागतो असं नाही. त्याच्या सहीची किंमत शून्य केली की पुरतं.

ज्यांचं वेगळेपण कपड्यांवरून दिसत नाही, ते समलिंगी पुरुष आणि स्त्रिया मात्र कुठल्याच दप्तरात सापडत नाहीत. ते आपल्यासारखेच शर्ट-पँट, साडी नेसून आपल्याच घरात राहिले. १८६२ पासून लागू झालेल्या दंडविधानातलं ३७७ कलम त्यांच्या डोक्यावर टांगलेलं होतं.

तरी आपल्या टापूत काही माणसांनी दार किलकिलं केलं. पहिले भूपेन खक्खर. मुंबईत वाढलेले, व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये बडोद्याला आले, कारखान्याचे हिशेब लिहीत चित्रं काढत राहिले. आई गेल्यानंतर, १९८० नंतरच्या चित्रांत, त्यांनी दोन पुरुषांचं प्रेम उघडपणे रंगवलं. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २००३ मध्ये ते गेले, आणि २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. हिशेबनीस माणूस एवढं धाडस करू शकतो याचा मला आमच्या धंद्याच्या वतीने अभिमान आहे. आपल्या मराठी रंगभूमीवरही तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ आणलं, त्यातली नायिका स्त्रीवर प्रेम करणारी होती.

बडोद्याजवळच्या दोन स्त्रियांनी १९८७ मध्ये तर स्टँप पेपर वापरला. गुजरातेत त्या काळी ‘मैत्री करार’ नावाचा प्रकार होता. लग्न करता येत नाही अशी जोडपी, बहुधा आधीच विवाहित पुरुष आणि त्याची मैत्रीण, करार करून एकत्र राहत. कायद्यात त्याला फारसं वजन नव्हतं. या दोघींनी तोच करार एकमेकींशी केला. गुजरात्यांचं मला हेच आवडतं, मनातली गोष्टसुद्धा लेखी करून घेतात.

मग राजपिपळा. सुरतेपासून काही तासांवरचं जुनं संस्थान. तिथले युवराज मानवेंद्रसिंह गोहिल यांचं १९९१ मध्ये रीतीप्रमाणे लग्न झालं आणि वर्षभरातच मोडलं. २००६ मध्ये एका गुजराती दैनिकातून त्यांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. राजपिपळ्यात त्यांचे पुतळे जाळले, घरच्यांनी जाहीरपणे संबंध तोडले. त्याच्या आधीपासूनच त्यांची ‘लक्ष्य’ ही संस्था एड्स प्रतिबंधाचं काम करत होती, सुरतेतही. लग्नाबद्दल ते पुढे स्वतः बोलले आहेत: आपल्यामुळे एका मुलीचं नुकसान झालं. हे वाक्य प्रत्येक घरात पोचायला हवं. जबरदस्तीच्या लग्नात मुलगा अडकतो तो अडकतोच, पण दुसऱ्याची लेकसुद्धा फुकट भरडली जाते.

ऑक्टोबर २०१३ मध्ये गुजरातमधली पहिली अभिमान यात्रा निघाली ती आपल्या सुरतेत. अहमदाबाद नाही, बडोदा नाही, सुरत! मुंबईत २००८ पासून आणि पुण्यात २०११ पासून अशा यात्रा निघत होत्या. सुरतेची यात्रा निघाली तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालामुळे हे नातं गुन्हा राहिलं नव्हतं. यात्रेनंतर जेमतेम दोन महिने गेले आणि ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. यात्रेत उघड्या चेहऱ्याने चाललेली माणसं पुन्हा कायद्याने गुन्हेगार. पाच वर्षं तसंच. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी एकमताने ३७७ चा तो भाग काढून टाकला. २०२३ मध्ये लग्नाचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही.

आता माझ्या खात्यातली गोष्ट.

नव्वदच्या दशकात मी एका शाखेत होतो, शाखेचं नाव सांगत नाही. आमचे एक खातेदार, सरकारी नोकर, अविवाहित, एका मित्राबरोबर वीसेक वर्षं एका घरात राहत. सोसायटीत ‘ते दोघे’ एवढंच नाव. खातेदार वारले. मुदत ठेवी त्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनीचा रकाना कोरा. गावाहून पुतणे आले, वारसाचे कागद आणले, जामीन दिले. सगळं नियमाप्रमाणे होतं, पैसे त्यांना गेले. ठेवींच्या पावत्या मात्र पुतण्यांकडे नव्हत्याच. त्या आणून दिल्या मित्राने, स्वच्छ पाकिटात, तारखांप्रमाणे लावलेल्या. दवाखान्याची दोन वर्षं त्यांनीच काढली होती. मला म्हणाले, “साहेब, एवढीच जबाबदारी राहिली होती.” कुठल्याच रकान्यात त्यांना बसवता येत नव्हतं.

बँक ठेवींना नॉमिनी नेमायची सोय १९८५ च्या नियमांनी आली. त्या फॉर्मवर एक रकाना आहे: ठेवीदाराशी नातं, ‘असल्यास’. हा ‘असल्यास’ कोणी लक्ष देऊन वाचत नाही. त्याचा अर्थ असा की नॉमिनी नातेवाईकच हवा असं बँकेने कधीच म्हटलं नव्हतं. अडचण त्या दोघांना ते नाव लिहायचा धीर न होण्याची होती. काउंटरवरचा माणूस नातं विचारणार, आजूबाजूचे चार जण ऐकणार.

पुढे नियम हळूहळू माणसाजवळ आले. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना ओळख दिली. त्या खटल्यात आपल्या पुण्याच्या गौरी सावंतही होत्या. वर्षभराने, एप्रिल २०१५ मध्ये, रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना फॉर्मवर तिसऱ्या लिंगाचा रकाना घालायला सांगितला. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही.

एक तांत्रिक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कारण यात भले भले फसतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने बँकेकडून पैसे स्वीकारायचे आणि कायदेशीर वारसांना द्यायचे, एवढंच. जोडीदाराला खरोखर काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. १८७१ मध्ये ज्यांच्याकडून हा हक्क काढून घेतला होता त्यांनी तर तो जरूर वापरावा.

आज मुलं मोबाईलवर एकमेकांना शोधतात, त्यामुळे वस्तीची गरज कमी झाली असं म्हणतात. खुद्द कॅस्ट्रोतली भाडी आता तरुणांना परवडत नाहीत. सुरतेत तसा मोहल्ला बहुधा कधी होणारही नाही. म्हणूनच जबाबदारी आपल्या घरांवर येते. जिथे मोहल्ला नसतो तिथे एकतर घर असतं, नाहीतर काहीच नसतं. तुमच्या घरातला पस्तिशीचा मुलगा लग्नाचा विषय काढला की ताटावरून उठत असेल, एखादी भाची ‘मैत्रिणीबरोबर’ राहते असं सांगत असेल, तर पत्रिका जमवण्याआधी एकदा शांतपणे बसून विचारा. आणि उत्तर मिळालं तर ते भावकीच्या ग्रुपवर टाकू नका.

सुरतेतल्या जुन्या मंडळींना यातलं काही आठवत असेल, मासीबांच्या एखाद्या घराबद्दल, ‘त्या दोघां’सारख्या कोणाबद्दल, तर खाली जरूर लिहा. फक्त नावं लिहू नका.