आठ दिवसांत विरलेली पट्टी

नांदगाव पेठेजवळच्या महामार्गावर वाहनांची वर्दळ नित्याची आणि अपघातही नित्याचेच. पाय मोडलेला एखादा विद्यार्थी पट्टी व स्क्रू बसवून शाळेत परततो. वर्षा-दीड वर्षाने तीच पट्टी काढण्यासाठी पुष्कळदा दुसरी शस्त्रक्रिया होते. पुन्हा भूल, पुन्हा खर्च, बापाची पुन्हा बुडालेली मजुरी. हाड जुळल्यावर पट्टी आपोआप विरून गेली तर? हा विचार नवा वाटेल, पण तो शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

बेल्जियमचे शल्यविशारद आल्बँ लांबोत यांनी १९०६ साली एका सतरा वर्षांच्या रुग्णाच्या मोडलेल्या पायावर शुद्ध मॅग्नेशियमची पट्टी बसवली. तिला धरून ठेवणारे खिळे मात्र पोलादाचे, वर सोन्याचा मुलामा दिलेले. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे पडले आणि कातडीखाली वायू साचला.

असे का झाले, हे वर्गात दाखवता येते. प्रयोगशाळेतील मॅग्नेशियमच्या फितीचे दोन तुकडे घासून स्वच्छ करा व मिठाच्या पाण्यात सोडा. एकाला तांब्याची तार गुंडाळा. तारेच्या तुकड्याजवळ बुडबुडे जोरात येतील. गंमत अशी, की ते बहुतेक तांब्यावरून निघतात, झिजते मात्र मॅग्नेशियम. हा विद्युतघटच होय. लांबोत यांच्या रुग्णाच्या पायात नकळत असाच घट तयार झाला होता. (वायू हायड्रोजन आहे, ज्योत दूर ठेवावी.) एक ग्रॅम मॅग्नेशियम झिजले की सुमारे एक लिटर हायड्रोजन निघतो, हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावे.

लांबोत व त्यांचे सहकारी वेरब्रुग यांनी पुढे दुसरा धातू टाळून केवळ मॅग्नेशियम वापरले. लहान मुलांच्या कोपराजवळच्या मोडलेल्या हाडांत त्यांना यशही आले. तरीही गंजण्याचा वेग हाती येईना आणि गंजरोधक पोलाद आल्यावर हा धातू मागे पडला.

कोडे उलगडण्यास मदत झाली ती दवाखान्याबाहेर. १९४२ साली अमेरिकेतील डाऊ कंपनीच्या हानावाल्ट व सहकाऱ्यांनी दाखवले की, शत्रू बाहेरच्या खिळ्यातच असतो असे नाही, तो धातूच्या पोटातही असतो. मॅग्नेशियममध्ये लोखंड दशलक्ष भागांत सुमारे १७० भागांहून जास्त झाले, की खाऱ्या पाण्यातील झीज एकदम भडकते. लोखंडाचा प्रत्येक सूक्ष्म कण आपल्या त्या तांब्याच्या तारेचे काम करतो.

आम्हांला याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. ही १७०ची मर्यादा ओतीव धातूची. तोच धातू, तितकेच लोखंड, पण ओतल्यावर दीर्घकाळ तापवून ठेवला तर विरघळलेले लोखंड कणांच्या रूपाने वेगळे होते आणि मर्यादा दहाच्या आसपास किंवा त्याखाली घसरते. म्हणजे घटकांचा तक्ता वाचून वेग सांगता येत नाही, धातूवर काय काय संस्कार झाले तेही विचारावे लागते. दाबयंत्रातून रेटून काढला तर त्याचे स्फटिककण बारीक होतात, मिश्रधातूतील कठीण कणांचे जाळे फुटून विखुरते, आणि झीज पुष्कळदा अधिक सारखी होते. पुष्कळदा म्हणतो, नेहमी नव्हे. कारण तेच विखुरलेले कण कधी नवे घट बनतात. पृष्ठभाग साफ करण्यासाठी कणांचा मारा केला, तर त्यातून आलेले लोखंड पृष्ठभागात रुतून झीज वाढवते; मग आम्लात धुऊन ते काढावे लागते. ओतणाऱ्याच्या नि कातणाऱ्याच्या हातात रुग्णाचा पाय असतो तो असा!

या जाणिवेतून तयार झालेल्या, यिट्रियम व झिर्कोनियमयुक्त मॅग्नेशियमच्या एका जर्मन स्क्रूला २०१३ साली युरोपात मान्यता मिळाली. तो वापरला जातो मुख्यतः पावलाच्या हाडांसारख्या लहान हाडांत. मांडीचे हाड सांधण्याचे काम आजही पोलाद आणि टायटॅनियमकडेच आहे.