बालवाडी

सुमारे ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांना प्राथमिक शाळेत जाण्यापूर्वी खेळ, गाणी, गोष्टी, हस्तव्यवसाय व ज्ञानेंद्रियांचे शिक्षण यांच्या द्वारा समूहजीवनाची पहिली ओळख करून देणारी शिक्षणसंस्था. किंडरगार्टन, बालमंदिर, शिशुविहार, माँटेसरी शाळा, अंगणवाडी ही नावे सामान्यतः समानार्थी वापरली जात असली, तरी त्यांमागील विचार एकच नाही. बालवाडीत येण्याची सक्ती भारतात कधीच नव्हती. त्यामुळे तिच्या पटावर कोणाची मुले येतात आणि कोणाची बाहेर राहतात, हा प्रश्न तिच्या इतिहासात अध्यापनपद्धतीइतकाच महत्त्वाचा ठरला आहे.

यूरोपात या शिक्षणाचा आरंभ बव्हंशी कष्टकऱ्यांच्या मुलांपासून झाला. रॉबर्ट ओएन याने १८१६ मध्ये स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे गिरणीकामगारांच्या मुलांसाठी शिशुशाळा काढली. जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्क येथे खेळ व कृती यांवर आधारलेली संस्था स्थापन केली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालकांची बाग हे नाव दिले. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये अशा शाळांवर बंदी घातली. फ्रबेलचा पुतण्या कार्ल याच्या लेखनाशी काकाच्या विचारांची गल्लत झाल्याने हे घडले, असे मानतात. बंदी १८६० मध्ये उठली. ते पाहण्यास फ्रबेल हयात नव्हता. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांचे पहिले ‘बालकांचे घर’ही १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडले. पुढे मात्र या दोन्ही पद्धती जेथे जेथे गेल्या, तेथे पुष्कळदा सुस्थितीतील वर्गानेच त्यांचा प्रथम लाभ घेतला.

भारतात गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. राजकोट येथील स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. तथापि माँटेसरीची साधने महाग होती आणि बालमंदिरांचा प्रसार मुख्यतः शहरी मध्यमवर्गात झाला. ही मर्यादा ताराबाईंना जाणवत राहिली.

या जाणिवेतून १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–९२) आरंभापासून तेथे होत्या. त्या बालविधवा असून पुढे शिकून शिक्षिका झाल्या होत्या. केंद्राची बालवाडी उघडली, तेव्हा गावातील सुस्थित घरांची मुले आली; दलित वाड्यातील मुले मात्र येईनात. यावर आईबापांच्या अनास्थेला बोल लावणे सोपे होते. ताराबाईंनी उलट विचार केला : मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या दारी जावे. मग वाड्यातल्याच एखाद्या अंगणात शिक्षिका जाऊ लागली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हा तेथील कार्यक्रमाचा भाग असे. ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणासाठी शिंपले, बिया, काटक्या, पाने, माती यांचा उपयोग केला जाई. ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला. गावातील ठराविक जागी भरणाऱ्या बालवाडीस त्यावरून मध्यवर्ती बालवाडी म्हणू लागले.

कोसबाडच्या टेकडीवर १९५७ च्या सुमारास कार्य हलविल्यावर प्रश्न अधिक बिकट झाला. वारली पाड्यांतील मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरे, आणि मुलगा गुरांमागे जाई. दोघांनाही शाळा नको होती असे नव्हे. घरचे काम सुटत नव्हते. यासाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ निर्माण केली गेली; धाकटे पाळणाघरात राहिले की थोरली वर्गात बसू शके. गुराख्यांसाठी चराऊ रानातच ‘कुरणशाळा’ भरे. पट वाढविण्याचे हे उपाय दिसण्यात साधे आहेत. परंतु मूल गैरहजर का राहते, याचे उत्तर प्रथम त्याच्या घरी शोधले गेले, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य.

शासनाच्या पातळीवर १९४४ च्या सार्जंट अहवालाने १० लाख बालकांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची शिफारस केली होती. हजेरी सक्तीची नसावी, पालकांचे मन वळवावे, असे त्यात सुचविले होते. प्रत्यक्षात २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्यशिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण या तिच्या सहा सेवा होत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाप्रमाणे, ६ वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या ग्रामीण समूहास वा झोपडवस्तीस मागणी करून अंगणवाडी मिळविण्याचा हक्क प्राप्त झाला. मात्र सहा सेवांत शिक्षणाचा क्रम बहुधा शेवटचा लागला. खाऊ घेऊन घरी परतणारे मूल पटावर असते, परंतु बालवाडीत शिकलेले असतेच असे नाही. बोर्डीच्या अंगणातील नाव योजनेने उचलले; तेथील शिक्षिकेचा निवांत वेळ मात्र तिला घेता आला नाही.

शहरांत याच काळात विपरीत चित्र दिसू लागले. जागा थोड्या व पालक फार, म्हणून तीन वर्षांच्या मुलाची आणि त्याच्या आईवडिलांचीही मुलाखत घेण्याची प्रथा पडली. यशपाल समितीने १९९३ मध्ये अशा चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात, तसेच लहान मुलांवर लेखन-वाचन-अंकगणिताचा भार लादू नये, अशी शिफारस केली. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने प्रवेशासाठी छाननीस मनाई केली. पण त्यातील ‘बालक’ ६ ते १४ वर्षांचे असल्याने, विनाअनुदानित शाळांच्या पूर्वप्राथमिक वर्गांतील प्रवेशास ही मनाई लागू होत नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. परिणामी ज्या वयात मूल सर्वांत असहाय असते, त्याच वयात कायद्याचे संरक्षण अपुरे राहिले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून पहिलीपूर्वीच्या वर्गास ‘बालवाटिका’ असे नाव दिले. बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या अंगणवाडीसेविकांसाठी ६ महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम त्यात सुचविलेला आहे.