मुलाम्याची जाडी

मायकेल फॅरडेने बनवलेले सोन्याचे द्रव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवले आहेत. रंग माणकासारखा लाल. सोन्याचे कण अतिसूक्ष्म झाले की पिवळेपणा जातो, हे त्याने 1857 साली दाखवलं. त्यामागचं गणित 1908 मध्ये जर्मनीच्या गुस्ताव मीने मांडलं. कर्करोग दोघांच्याही डोक्यात नव्हता.

नव्वदच्या दशकात ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हॅलस यांच्या प्रयोगशाळेने सिलिकाच्या गोल कणांवर सोन्याचे इवले दाणे चिकटवले आणि सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात ते एकमेकांना भिडेपर्यंत वाढू दिले. झाला मुलामा! करामत आहे ती त्याच्या जाडीत. गाभ्याच्या मानाने तो जितका पातळ, तितका कण शोषत असलेला प्रकाश तांबड्याच्या पलीकडे, अवरक्ताकडे सरकतो. आणि साधारण 800 नॅनोमीटरचा हा प्रकाश रक्त आणि पाणी फारसं अडवत नाहीत. हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने 2003 मध्ये उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींत हे कण टोचून लेझर सोडला. काही मिनिटांत गाठी भाजून निघाल्या. कण नव्हते तिथे नुसत्या लेझरने जेमतेम ऊब आली.

पण भाजलेली गाठ म्हणजे बरा झालेला रोगी नव्हे. पसरलेल्या पेशींचं काय? इथे उष्णतेच्या जोडीला दुसरं घराणं येतं, प्रतिकारशक्तीचं, आणि माझ्या मते मोठी पाती त्याचीच. न्यूयॉर्कचा सर्जन विल्यम कोली 1891 पासून गाठींत मुद्दाम जंतू टोचायचा. रोग्याला फणफणून ताप यायचा आणि कधीकधी गाठ विरघळायची. आज अंगावर काटा येतो, पण शरीराची फौज जागी करण्याची कल्पना तीच.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळवली वेई चेन यांनी, 1997 च्या सुमारास, तीही सोन्याशिवाय. उंदरांच्या गाठीत एक हिरवा रंग, खेकडा-कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानचं एक रूप आणि वरून लेझर. बरे झालेले उंदीर त्याच कर्करोगाच्या पेशी पुन्हा टोचल्या तरी दाद देईनात. भाजून फुटलेल्या पेशींनी शत्रूची ओळख पटवून दिली होती. पुढे 2014 मध्ये चीनमधल्या सूजौच्या झुआंग लिऊ यांच्या गटाने कार्बनच्या नळ्यांनी गाठ तापवली आणि जोडीला प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणारी प्रतिपिंडं दिली.

सोन्याचे कण प्रोस्टेटच्या कर्करोगात माणसांवरही वापरून पाहिले गेले. 16 रुग्णांचा अहवाल 2019 मध्ये आला. कण शिरेतून, दुसऱ्या दिवशी बारीक तंतूतून लेझर. मात्र त्या चाचणीत काम केलं ते नुसत्या उष्णतेने. कोलीच्या घराण्याला आवतण नव्हतं.