वायर नसलेली गाडी आणि आगपेटीएवढा रिले

आमचं ट्रॉय म्हणजे लाकडी घोड्याचं नव्हे. हे मिशिगनमधलं, डेट्रॉईटच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवरचं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्या इथे पावलोपावली. देवळात शेजारी बसलेला गृहस्थसुद्धा कुठल्या तरी गाडीचा कुठला तरी भाग डिझाईन करत असतो. आणि अशा गावात माझीच गाडी गेल्या जानेवारीत भर हायवेवर रुसली!

आय-75 वर होतो, बिग बीव्हर रोडच्या एक्झिटच्या जरा अलीकडे. वेग ताशी 65 मैल, मागच्या सीटवर लेक, आणि तिच्यामागे आरशात मावणार नाही एवढा ट्रक. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि पेडल मेलं. पाय पार खाली दाबला तरी इंजिन आपलं गुरगुरतंय. चारी इंडिकेटर लावून कसाबसा कडेला आलो आणि तिथून बैलगाडीच्या वेगाने घरी. एक मात्र लक्षात राहिलं: स्टिअरिंग आणि ब्रेक शेवटपर्यंत साथ देत होते.

संध्याकाळी चिंचवडला फोन केला. बाबा म्हणाले, "अरे, अ‍ॅक्सिलेटरची वायर तुटली असेल. बदलून टाक."

"बाबा, या गाडीत वायरच नसते हो!"

पलीकडे शांतता. बाबांच्या चेतकच्या डिकीत एक वायर कायम गुंडाळून ठेवलेली असे. पण त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. स्कूटरची वायर तुटली की कार्ब्युरेटरमधली स्प्रिंग झडप बंद करते आणि गाडी मंदावते. धोका असतो तो वायर गंजून अडकली तर. मग मूठ सोडली तरी इंजिन बोंबलत राहतं.

अमेरिकेत याच भीतीपोटी एक नियम आला, मोटार सुरक्षा मानक क्रमांक 124. तो 1 सप्टेंबर 1973 पासून लागू झाला. चालकाने पाय उचलला, किंवा मधली जोडणी कुठेही तुटली, तरी इंजिन आपोआप मंद झालं पाहिजे. आणि त्यासाठी किमान दोन स्वतंत्र स्प्रिंगा किंवा तशीच सोय हवी, म्हणजे एक गेली तर दुसरी काम करेल.

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूने आपल्या मोठ्या गाड्यांत वायर काढून तिथे विजेची मोटर बसवली. हळूहळू सगळ्यांनीच तो रस्ता धरला. आता पेडलखाली दोन सेन्सर असतात, झडपेजवळ आणखी दोन. कॉम्प्युटर त्यांची उत्तरं सतत ताडून पाहतो. जुळली नाहीत तर मोटरची वीज तोडतो. मग स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून ठेवते, गाडी रांगत घरी पोचेल इतपत. माझ्यासारख्या बऱ्याच गाड्यांत ही वीज तोडायचं काम एक रिले करतो. रिले म्हणजे छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारं चुंबकाचं बटण. आकार आगपेटीएवढा!

लोकांचा मात्र या वायर नसलेल्या पेडलवर विश्वास बसायला वेळ लागला. 28 ऑगस्ट 2009 रोजी कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एक लेक्सस अनावर धावली आणि चौघं गेले. पेडल पायपुसण्यात अडकलं होतं, पण संशय इलेक्ट्रॉनिक्सवरही आला. शेवटी सरकारने चक्क नासाला कामाला लावलं. फेब्रुवारी 2011 च्या अहवालात अशा भरधाव सुटण्याला इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही. तरी वाद कोर्टात चालूच राहिले.

असो. माझ्या गाडीने कोड दिला पी 2100, म्हणजे थ्रॉटलच्या मोटरचं सर्किट उघडं. गॅरेजवाला म्हणाला, "अख्खी थ्रॉटल बॉडी बदला." खर्च कित्येक शे डॉलर. पण कोड सर्किट उघडं आहे एवढंच सांगतो, कुठे उघडं ते नाही. फ्यूज पाहिला, ठीक. मोटरचं वेटोळं शाबूत. रिले काढून बॅटरीला जोडला तर टिक आवाज आला. मीटर लावला, बारा व्होल्ट. म्हणजे रिले चांगला? इथेच माणूस फसतो. मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे करपलेल्या टोकांतूनही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. हेडलाइटचा जुना बल्ब जोडला, तर तो नुसता लालसर झाला. ओझं पडताच टोकांनी हात टेकले होते.

खात्रीसाठी हॉर्नचा रिले काढला. नंबर तोच, पिनांची मांडणी तीच. अदलाबदल केली. थ्रॉटल ठणठणीत, हॉर्न मुका! नवा रिले काही डॉलरांत आला.

नंबर जुळतो म्हणून भाग तोच, हा विश्वास मात्र याच उद्योगात एकदा फार महाग पडला. फेब्रुवारी 2014 पासून जनरल मोटर्सने सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. इग्निशन स्विचमधली स्प्रिंग कमजोर होती. किल्ल्यांचा जड जुडगा किंवा खड्ड्याचा धक्का पुरे, स्विच सरकायचा, इंजिन बंद पडायचं, पॉवर स्टिअरिंगचा जोर जायचा आणि एअरबॅगही उघडायची नाही. भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. स्विच बनवला होता डेल्फीने, जिचं मुख्यालय अनेक वर्षं आमच्याच ट्रॉयमध्ये होतं. आणि 2000 च्या दशकातच तो गुपचूप सुधारला गेला होता, पण पार्ट नंबर न बदलता. त्यामुळे जुन्या-नव्या गाड्यांची तुलना करणाऱ्यांना फरक दिसूनही कारण उमगेना, त्यात वर्षं गेली. दुरुस्तीचा खर्च काँग्रेससमोरच्या सुनावणीत गाडीमागे 57 सेंट सांगितला गेला.

दोन्ही बाबतीत गाडीची ताकद गेली. पण त्या स्विचने सगळंच तोडलं. माझ्या रिलेने तोडली फक्त झडपेच्या मोटरची वीज. स्टिअरिंग, ब्रेक, एअरबॅग आणि रांगण्यापुरतं इंजिन राहू दिलं. बिघडणं कुठल्याच यंत्राला चुकलेलं नाही. बिघडल्यावर काय सोडायचं आणि काय हातात ठेवायचं हे आधी कोणी तरी बसून ठरवलेलं असतं, किंवा नसतं. त्या दिवशी मागच्या सीटवर लेक होती म्हणून हे मला आता पुस्तकी वाटत नाही.

आता भारतातल्या बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांतही वायर गेली आहे. तेव्हा उद्या पेडल मेलं तर घाबरू नका, कडेला घ्या. आणि गॅरेजवाल्याने मोठा भाग बदलायला सांगितला, तर रिलेवर ओझं टाकून पाहिलंत का, एवढं नक्की विचारा.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आता डिकीत रिले ठेवायचा तर!"

ठेवलाय.