किल्लारीची मुले



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट नांदेड-लातूरच्या श्रोत्यांस नव्याने सांगावयास नको. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. गणपती बोळवून गावे गाढ झोपली असता, चारला चार मिनिटे कमी असताना धरणी हालली. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या दगडमातीच्या रुंद भिंती आणि जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो.

पुढचा इतिहास पुनर्वसनाचा. घरे मोजली गेली, गावे नव्या जागी वसली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. हे कार्य थोरच होय. परंतु पंचनाम्यात भिंतीची तडे लिहिता येतात. मुलाच्या मनास गेलेला तडा कोणत्या रकान्यात लिहावा?

शास्त्रालाही हा रकाना उशिराच सापडला. महायुद्धात निराधार झालेल्या मुलांविषयी जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. मायेचे माणूस अकाली हिरावले गेले तर मुलाची वाढच खुंटू शकते, हे त्यांनी मांडले. १९९८ साली अमेरिकेत फेलिटी आणि आंदा यांनी साडेनऊ हजार प्रौढांना त्यांचे बालपण विचारले. मारहाण, अत्याचार, घरातील व्यसन अशा आघातांचे जितके प्रकार अधिक, तितके पुढे दारूचे व्यसन, नैराश्य आणि हृदयविकारही अधिक, असे आढळले. त्या चौकशीत भूकंप नव्हता. पण भूकंपानंतरच्या घरात यांपैकी काय काय शिरते, ते आपण जाणतो.

'लहान होता, विसरला असेल,' असे आपण म्हणतो. शब्द विसरतात, अंग विसरत नाही. जड वाहन गेले की दचकणारा, स्लॅबखाली झोप न लागणारा, क्षुल्लक कारणाने भडकणारा किंवा कुणावरच जीव न लावणारा माणूस पाहून आपण त्याला स्वभाव म्हणतो. प्रत्येक स्वभावामागे आघातच असतो असे नव्हे, आणि आघात झालेला प्रत्येक जण मोडतो असेही नव्हे. एखादी आजी, एखादे गुरुजी ठामपणे पाठीशी उभे राहिले तर मूल सावरते.

आपल्या प्रांताला हे मौन जुनेच आहे. १९४७-४८ साली रझाकारांच्या भयाने रात्रीतून गाव सोडून सरहद्दीपलीकडे गेलेल्या मुलांना, आत काय झाले, असे कोणी विचारले? मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपण लिहिला. त्यांच्या झोपेचा लिहिला नाही.

१९९३ ची आठ वर्षांची मुले आज चाळिशीत आहेत, स्वतः आईबाप आहेत. न ओळखलेले भय त्यांच्या लेकरांच्या पाठीवर उमटू नये, एवढे अजून आपल्या हाती आहे. 'तुला झाले आहे तरी काय?' असे दटावण्याऐवजी 'तुझ्यावर काय गुदरले?' असे विचारावे, ऐकून घ्यावे, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जावे. घरे पुन्हा बांधून तीस वर्षे उलटली. हे बांधकाम मात्र राहून गेले आहे.